दंतमज्जेचा दाह आणि जनुकांचा प्रभाव

दाताच्या आतील मऊ भाग म्हणजे दंतमज्जा. बोलताना आपण तिला ‘दाताची नस’ म्हणतो. कीड खोलवर गेली की जिवाणूंमुळे तिचा दाह होतो.

जनुकांचा संबंध काय?
इंटरल्यूकिन, टीएनएफ ही दाह वाढवणारी प्रथिने किती तयार होतात, हे काही अंशी जनुकांवर अवलंबून असते. एपिजेनेटिक बदलांत डीएनएचा क्रम तोच राहतो; पण मिथाइलेशन किंवा मायक्रोआरएनएमुळे जनुकांचे काम कमी-जास्त होते. दाह झालेल्या मज्जेत असे बदल आढळले आहेत.

उपचार कसे ठरतात?
जनुकीय चाचणीवर नव्हे, लक्षणे व तपासणीवर. थंड पाण्याची कळ लगेच थांबत असेल तर मज्जा सहसा वाचवता येते. कळ रेंगाळत असेल, रात्री ठणका लागत असेल तर बहुधा रूट कॅनाल करावे लागते. दुखणे आपोआप थांबले तरी मज्जा मृत झालेली असू शकते. दंतवैद्यांना जरूर दाखवा.