पाटीवर भंडारा रोड, गाव वरठी

आमच्या वरठीला रेल्वेने आलात तर 'वरठी' अशी पाटी शोधत बसू नका. स्टेशन वरठीत, नाव मात्र 'भंडारा रोड'. भंडारा शहर तिथून पुढे दहा-बारा किलोमीटर. नवा पाहुणा हमखास गोंधळतो. मला मात्र ही पाटी दिसली की युनिक्स आठवतं. (बायको म्हणते, तुला कशावरूनही तेच आठवतं. असो.)

लिनक्सच्या सर्व्हरवर एसएसएचने स्वतःच्या नावाने शिरा, मग 'सू' करून रूट व्हा. आता 'हूअ‍ॅमआय' असं जोडून विचारलंत तर उत्तर येतं रूट. तेच 'हू अ‍ॅम आय' असं तोडून विचारा, ज्या नावाने आत आलात ते नाव निघतं. एक पाटीवरचं, एक गावाचं!

'हू' ही कमांड नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलपासून आहे. तिच्यासोबत दोन वह्या: 'यूटीएमपी'त आत्ता कोण बसलंय ते, 'डब्ल्यूटीएमपी'त आजवर कोण आलं-गेलं ते. तेव्हा मशीनवरचा वेळ महाग, कोण किती तास बसला हे मोजावं लागे.

हिशोबातून चोर सापडतो तो असा. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ७५ सेंटचा फरक निघाला. क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला तो शोधायला बसवलं. घुसखोर सारखा 'हू' मारून कोण आहे ते बघायचा, म्हणून मशीनवर पाळत ठेवली तर त्याला कळणार. मग या पठ्ठ्याने वीकेंडला इकडचे तिकडचे प्रिंटर गोळा करून पन्नास लाइनींना जोडले, अन् चोराचा शब्द न् शब्द कागदावर उतरवला. माग निघाला थेट जर्मनीत, हॅनोव्हरला.

माझी गोष्ट एवढी मोठी नाही. मुंबईतल्या पहिल्या नोकरीत एका शनिवारी पहाटे सर्व्हरवरची एक डिरेक्टरी उडाली. उडवली रूटने, आणि रूटचा पासवर्ड आम्हा सहाजणांकडे. संशय अर्थातच सगळ्यात नव्यावर, म्हणजे माझ्यावर. मी तेव्हा विदर्भ एक्सप्रेसमध्ये झोपलो होतो, पण ते सांगून कोण ऐकतो? सोमवारी एका सिनियरने गुपचूप 'लास्ट' मारलं. माझं सेशन शुक्रवारी दुपारीच संपलेलं. पहाटेचं नाव दुसरंच होतं. विषय तिथंच मिटला, माफी वगैरे कोणी मागितली नाही.

तेव्हापासून दुसऱ्याच्या सर्व्हरला हात लावण्याआधी मी 'स्क्रिप्ट -ए' सुरू करतो. स्क्रीनवर जे जे येतं ते 'टाइपस्क्रिप्ट' नावाच्या फाइलीत जातं. ही कमांड बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समधली, १९७९ च्या सुमाराची. गृहपाठ खरंच केला हे दाखवायला विद्यार्थ्यांना कागद हवा, असा तिचा उपयोग मॅन्युअलमध्येच लिहिलाय.

एक सांगायचं राहिलं. जुन्या वहीतली वेळ ३२ बिटांची, २०३८ मध्ये ती भरते. म्हणून २०२५ च्या डेबियन १३ ने ती वही काढून टाकली. तिथे 'लास्ट' सापडलं नाही तर घाबरू नका, 'डब्ल्यूटीएमपीडीबी' इन्स्टॉल करा आणि 'डब्ल्यूटीएमपीडीबी लास्ट' मारून बघा.