खुंट्यावरचा दुसरा हात

आजीच्या घरात दोन जाती होती. धाकटं डाळ भरडायचं, थोरलं नाचणी-बाजरी दळायचं. थोरल्याला दोघी लागायच्या. समोरासमोर बसायचं, खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक, मोकळ्या हातानं मूठमूठ वैरण घालायची आणि एकीनं ओढलं की दुसरीनं लोटायचं. आजी लग्न होऊन त्या मावळातल्या घरात आली तेव्हा तिच्यासमोर बसायची ती तिची मोठी जाऊ. पहाटे कोंबडा आरवायच्या आधी दोघींचं दळण सुरू व्हायचं. जाऊ ओवी उचलायची आणि आजी तिची दुसरी ओळ धरायची.

जावेला मार बसायचा. ही गोष्ट आजीनं मला फार उशिरा सांगितली, तिच्या पंचाहत्तरीनंतर. तोवर तिच्या आठवणींत जाऊ म्हणजे हाताला चव असलेली, उखाणे पाठ असलेली, नागपंचमीला फेरात सगळ्यांच्या पुढे असलेली बाई होती. एके दिवशी तांदूळ निवडता निवडता आजी म्हणाली, "तिच्या दंडावर वळ असायचे. ज्या रात्री मार बसायचा, त्या पहाटे ती ओवीत सांगायची. भावाला हाक मारून सांगायची. भाऊ तर वारलेला. मग ऐकायचं कुणी? म्या ऐकायची. सासूबाई आत जाग्या असायच्या, त्या ऐकायच्या. शेजारच्या घरात दिवा लागलेला असायचा."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पीठ सुपात भरायचं अन् चूल पेटवायची."

हे सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पुढे कितीतरी दिवस मला त्या दृश्यातून बाहेर येता आलं नाही. बाई गाते आहे, तिच्या हातावर हात ठेवून दुसरी बाई तिचीच ओळ पुन्हा म्हणते आहे, भिंतीपलीकडे घर जागं आहे, आणि कुणी उठत नाही.

जात्यावरच्या ओवीबद्दल आपण फार हळवं बोलतो. तिच्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, भाऊबीज आहे, हे सगळं खरंच आहे. पण तिच्यात मारही आहे. दारू आहे, सवत आहे, वांझ म्हणून हिणवणं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या मुळशी-मावळाच्या खेड्यांपासून सुरुवात करून वर्षानुवर्षं या ओव्या जमवल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला, आणि आज त्यातल्या कितीतरी ओव्या गाणारणीच्या नावागावासह ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी त्या ऐकत बसते तेव्हा जात्याच्या घरघरीमागे बाईचा श्वास ऐकू येतो. बाईनं स्वतःवरच्या हिंसेची नोंद ठेवायला किती आधी सुरुवात केली होती, हे त्यातून कळतं. फक्त ती नोंद कुठल्या दप्तरात जात नव्हती. आणि हेही कबूल करायला हवं की त्याच ओव्यांनी बाईला सोसायलाही शिकवलं. नवरा तापट असला तरी कुंकवाचा धनी, हे समजावणाऱ्या ओव्याही त्याच गळ्यांतून आल्या. गाणं जात्यासारखं असतं, त्यात जे घालाल तेच दळून निघतं.

एकदा मी आजीला संत बहिणाबाईंची गोष्ट सांगितली. जळगावच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, सतराव्या शतकातल्या, शिऊरला समाधी असलेल्या बहिणाबाई. लहान वयात मोठ्या वयाच्या माणसाशी लग्न झालं, कीर्तनाची आणि तुकोबांच्या अभंगांची ओढ लागली म्हणून नवऱ्यानं बेदम मारलं, आणि हे सगळं त्यांनी स्वतःच्या अभंगांत लिहून ठेवलं. पुढे तो नवरा वळला, हे कुटुंब देहूला येऊन राहिलं. आजी दर बीजेला देहूला जायची. तिला तुकोबांचं सगळं ठाऊक होतं, हे नव्हतं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिचं लिहून तरी राहिलं." आपल्या जावेचा विचार तिच्या मनात होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

गावात विजेची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला. त्याबद्दल मला काडीचीही खंत नाही. ज्यांनी कधी पायली-पायली दळलं नाही त्यांनीच जात्यासाठी उसासे टाकावेत. पण दोन बायका पहाटे समोरासमोर बसून बोलू शकतील अशी घरातली ती एक जागा गेली, हेही खरं.

गाणं मात्र दुसऱ्या जागा शोधत होतं. माझे वडील सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याकडे प्राथमिक शिक्षक होते. तेव्हा तो धुळे जिल्हा होता, नंदुरबार वेगळा झाला १९९८मध्ये. तिथले भिल्ल शेतमजूर आपल्या हक्कांसाठी उभे राहत होते. अंबरसिंग सुरतवंतींनी तिथे भजनी मंडळं उभी केली होती, दारू सोडा हे त्या भजनांमधून सांगितलं जायचं. १९७२मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. वडील सांगत, मोर्चात गाणी उचलायच्या त्या बायका. घोषणाही त्याच जुळवायच्या. मग बायकांची शिबिरं झाली. तिथे मजुरीवर बोलायचं असं ठरलेलं असायचं, पण बायका बोलायला लागल्या त्या दारूवर आणि माराबद्दल. १९७३मध्ये त्या गावोगाव फिरल्या, गुत्त्यांत शिरून दारूची मडकी फोडली. नवऱ्यानं मारलं असं एखादीनं सांगितलं की सगळ्या जमून जायच्या आणि त्याला चारचौघांत बायकोची माफी मागायला लावायच्या. वडिलांना त्या गाण्यांतलं एकही नीट आठवत नव्हतं. त्यांना आठवायचं ते एवढंच, की संध्याकाळी लांबून गाणं ऐकू आलं की गुत्तेवाला मडकी उचलून पळायचा.

आजीला हा किस्सा भारी आवडायचा. ती तो पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

आणि मग मावशी. आजीची धाकटी लेक, लग्न करून मुंबईत लालबागच्या चाळीत गेलेली. तिचे यजमान कापडगिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्या संपाच्या अनेक कहाण्या लिहिल्या गेल्या. मावशीची कहाणी अशी, की पहिले काही महिने चाळ एका दिलानं लढली, आणि मग रात्री भिंतींतून आवाज यायला लागले. भांडी आपटल्याचे. नंतर दुसरे. दहा बाय दहाच्या खोल्या, मध्ये पातळ भिंत, कुणाला ऐकू येत नव्हतं असं नाही. सकाळी नळावर ती बाई पदर पुढे ओढून उभी असायची आणि बाकीच्या पाण्याच्या धारेकडे बघायच्या. "आईनं सांगितलेलंच सगळं," मावशी म्हणायची. "फक्त जात्याऐवजी नळ."

त्याच सुमारास तिनं ‘मुलगी झाली हो’ पाहिलं. ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं, स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३मध्ये रंगमंचावर आणलेलं हे नाटक मैदानात, शाळेत, चाळीच्या चौकात कुठेही उभं राहायचं. नेपथ्याचा पसारा नाही, बायकाच सगळ्या भूमिका करणार आणि गोष्ट पुढे नेणार गाणी. चाली कानाला ओळखीच्या. मावशीला पहिल्यांदा हसू आलं, कारण भोंडल्यात लहानपणापासून गायलेल्या गाण्यांची तिला आठवण झाली. माहेरी जायची परवानगी मागणारी सून आणि तिला अटी घालत टोलवत राहणारं सासर, हे आपण हस्त नक्षत्रात फेर धरून, खिरापतीच्या आशेनं, हसत हसत गायलो. त्यातलं दुःख आपल्याला कधी दिसलंच नाही, असं ती म्हणाली. ओळखीच्या चालीवर नवे शब्द आले आणि जुन्या गाण्याचाही अर्थ तिला त्या दिवशी कळला.

त्या वर्षांत आजूबाजूला बरंच काही हलत होतं. १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आरोपी असलेल्या दोन पोलिसांना सोडून दिलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि १९८०च्या ८ मार्चला शहराशहरांत बायका रस्त्यावर आल्या. १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारं ४९८ अ हे कलम आलं. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणी नारी समता मंच उभारत होत्या. पण कलमाचा आकडा नळावरच्या बाईपर्यंत पोचवायचा कसा? १९८५च्या स्त्रीमुक्ती यात्रेनं तो गाण्यांतून गावोगाव नेला. मावशी आणि तिच्या चाळीतल्या पाच-सहा जणी ती गाणी शिकल्या. काही स्वतः जुळवली. एकीकडे ढोलकी होती, बाकी थाळ्या आणि लाटणी. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांच्या महागाईविरोधी मोर्चापासून लाटणं कसं धरायचं हे मुंबईच्या बायकांना ठाऊक होतंच.

पहिल्यांदा त्या चुकल्या. ज्या घरात मारहाण होते तिथे जाऊन दारासमोर गायच्या. एकदा दार उघडलं ते त्या बाईनंच. डोळ्याखाली काळंनिळं झालेलं. ती यांच्यावरच ओरडली, माझ्या घराची लाज चव्हाट्यावर आणलीत म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्या रात्री तिला आणखी मार बसला. मावशी हे सांगताना आजही अडखळते. नंतर त्यांनी पद्धत बदलली. कुणाच्या दारात जायचं नाही, चौकात सगळ्यांसाठी गायचं. नाव कुणाचं घ्यायचं नाही. गाणं संपलं की सगळ्यांनी एकदम पांगायचं नाही, दोघींनी जिन्याच्या तळाशी बसून राहायचं, मटार सोलत, मेथी निवडत. ज्या बाईला बोलायचं असेल तिला पाणी भरायच्या निमित्तानं खाली येता यावं. ती एकटीच खाली आली असं वरून बघणाऱ्याला वाटू नये. आणि ती बोललीच तर तिला कुठे न्यायचं, कुठलं सल्ला केंद्र, कुठली वकीलबाई, रात्र काढायला कुणाची खोली, हे आधीच ठरलेलं असावं. "गाणं पंधरा मिनिटांचं," मावशी म्हणते, "जिन्यावर बसणं दोन-दोन तासांचं."

चळवळीतल्या गाण्यांवर लिहिणारे हे जिन्यावरचं बसणं बहुतेक वेळा विसरतात. म्हणून ते इथे सविस्तर लिहिलं.

मी कधीतरी मावशीशी वाद घातला होता. ‘मुलगी झाली हो’चे शेकडो प्रयोग झाले, कितीतरी भाषांत ते गेलं. १९८८मध्ये गर्भलिंगनिदानावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं केला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१मध्ये ९४६ होत्या, २००१मध्ये ९१३ आणि २०११मध्ये ८९४. मग गाऊन काय झालं? मावशी चिडली नाही. तिनं बोटं मोजत चाळीतल्या बायकांची नावं घेतली. ही माहेरी परत गेली आणि शिवणाचं शिकली. हिच्या नवऱ्यानं दारू सोडली नाही पण हात टाकणं सोडलं, कारण हात उचलला की शेजारी दार ठोठावतात हे त्याला कळलं. हिनं केस केली. हिला नाही वाचवता आलं. शेवटच्या नावावर ती थांबली. तिच्या मोजणीत अकरा नावं होती. आकडे कुठे चढले नि कुठे घसरले याला उत्तर देणारी ती मोजणी नव्हती, आणि तरीही मला पुढे काही बोलता आलं नाही.

माझ्या मामेबहिणीचं लग्न गावी झालं. हळदीच्या आधी घाणा भरायचा म्हणून थोरलं जातं कोपऱ्यातून ओढून काढलं, धुतलं, त्याला आंब्याची पानं आणि सुपारी बांधली. आजी तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. पहिला मान तिचा. तिनं खुंटा धरला आणि समोर मावशीला बसवलं. बायकांनी नेहमीच्या ओव्या म्हटल्या, गणपतीची, कुलस्वामिनीची, मांडवाची. मग मावशीनं त्याच चालीत स्वतःची एक उचलली. नवरीला उद्देशून होती. कुणी हात उगारला तर सोसत बसू नकोस, ह्या घराचं दार रात्रीही उघडं असेल, एवढाच तिचा अर्थ. मांडवात कुजबुज झाली. शुभकार्यात असलं काय म्हणायचं, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालंदेखील. दुसरी ओळ धरायला कुणीच पुढे येईना.

ती आजीनं धरली. आवाज चिरका झाला होता, पण ठेक्यात होता. आणि ती ओळ संपल्यावर जातं न थांबवता तिनं आणखी एक ओवी म्हटली. ती मी कधी ऐकलेली नव्हती, मावशीनंही नाही. तिच्यात मेलेल्या भावाला हाक होती, दंडावरचे वळ होते, आणि शेवटी जावेचं नाव होतं. त्या घरात ते नाव साठ वर्षांत कुणी ओवीत घेतलं नव्हतं.

हळकुंडं नीट दळायची राहिली. हळद जाडसरच निघाली. कुणी ती पुन्हा जात्यात घातली नाही, तशीच नवरीला लावली.