दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठात कोणत्या सोयी असतात आणि त्या मागायच्या कधी?

दिव्यांग मुलाला किंवा मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला की घरचे निर्धास्त होतात. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. फळ्यावरचं दिसत नाही, व्हॉट्सअॅपवर आलेल्या नोट्स वाचता येत नाहीत, लॅब दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. हुशारी असूनही मुलं मागे पडतात ती इथे. हे अंतर भरून काढण्यासाठी विद्यापीठांत समान संधी कक्ष किंवा दिव्यांग कक्ष असतो. पण बहुतेकांना त्याची आठवण होते ती हॉल तिकीट हातात पडल्यावर, लेखनिक हवा असतो तेव्हा. तोवर सत्रातले चार महिने वाया गेलेले असतात.

या सोयी म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता, ऑटिझम, मानसिक आजार, सिकल सेल, थॅलेसेमिया हेही त्यात येतात. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट मिळते.

मात्र ४० टक्के भरत नाहीत म्हणजे काहीच मिळणार नाही, असं नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. लेखनिकाची सोय फक्त ४० टक्क्यांवरच्यांपुरती ठेवता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळायला वेळ जातो.

चांगल्या कक्षाचं निम्मं काम पुस्तकांचं असतं. अंध विद्यार्थी मोबाइल किंवा कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर वापरतात. एनव्हीडीए हा त्यातला फुकट मिळणारा. पण पुस्तकाची पानं फोटो काढून पीडीएफ केली असतील तर तो मुका होतो. मराठीत आणखी एक घोळ आहे. अनेक प्राध्यापकांच्या जुन्या नोट्स युनिकोडमध्ये नसतात, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. पडद्यावर सुरेख मराठी दिसते, स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी वाचतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी नोट्स कृतिदेवमध्ये, बेळगावात कन्नड नोट्स नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे तीच गत. त्या युनिकोडमध्ये करून देणं कक्षाला शक्य असतं, पण परीक्षेच्या आठवड्यात नाही. कॉपीराइटची भीतीही नको. दिव्यांगांना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करायला २०१२ च्या कायदा दुरुस्तीनेच मुभा दिली आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातही अशी पुस्तकं मिळतात. हे काम नेटाने कसं होतं याचा जुना नमुना मुंबईत आहे : सेंट झेवियर्स कॉलेजचं दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र, २००३ पासूनचं.

कर्णबधिर विद्यार्थ्यांना सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. तो नसेल तर निदान व्याख्यानाचे लेखी मुद्दे आधी मिळायला हवेत. व्हीलचेअरवर येणाऱ्यांसाठी रॅम्प हवा हे सगळे म्हणतात. पण लिफ्ट होत नाही तोवर तो वर्ग तळमजल्यावर आणणं ही बिनखर्चाची सोय आहे. एक अर्ज आणि वेळापत्रकात एक बदल, एवढंच.

आता लेखनिकाचं. केंद्राच्या सूचनांनुसार लिखाणासाठी तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. परीक्षेपूर्वी लेखनिकाला भेटता यावं आणि भाषेच्या पेपरसाठी वेगळा लेखनिक घेता यावा, असंही त्यात आहे. ही शेवटची तरतूद सीमाभागात फार मोलाची. मराठी शाळेत शिकलेला खानापूरचा विद्यार्थी बेळगावात पदवी करताना एका पेपरला मराठी, दुसऱ्याला इंग्रजी, तिसऱ्याला कन्नड लिहितो. तिन्ही लिपी नीट येणारा एकच लेखनिक मिळणं कठीणच. या नियमांत बदल होत असतात, म्हणून फॉर्म भरताना विद्यापीठाचं ताजं परिपत्रक पाहून घ्यावं.

राज्य ओलांडून शिकणाऱ्यांना दाखल्याची धास्ती असते : कर्नाटकातला दाखला कोल्हापुरात चालेल का? त्यावर यूडीआयडी कार्ड हा उपाय आहे. ते देशभर चालतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणी ठरलेल्या सरकारी रुग्णालयात. राज्याच्या कोट्यासाठी लागणारा रहिवासी दाखला ही मात्र वेगळी गोष्ट. यूडीआयडीने ती अट सुटत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्रातल्या काही व्यावसायिक प्रवेशांत असलेली तरतूदही स्वतंत्र आहे. दोन्हींचे कागद वेगवेगळे ठेवलेले बरे.

कक्ष दाद देत नसेल तर अर्जाची पोच घेऊन राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. विद्यार्थी कुठला यापेक्षा संस्था कुठे आहे हे इथे महत्त्वाचं. निपाणीची मुलगी कोल्हापुरात शिकत असेल तर तक्रार पुण्यातल्या आयुक्तालयात, बेंगळुरूला नाही. केंद्रीय विद्यापीठ असेल तर दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे.