झाडू आणि प्रश्न : वऱ्हाडच्या गाडगेबाबांची लोकशिक्षणाची रीत

दारू वाईट, घाण वाईट, कर्ज वाईट, हें कोणास ठाऊक नसतें? खेड्यांतील निरक्षर मनुष्यही तें जाणतो आणि शहरांतील पदवीधरही जाणतो. उपदेश ऐकतांना दोघेही मान डोलावितात, आणि घरीं परतल्यावर पूर्वीप्रमाणेंच वागतात. जाणलेलें अंगीं कसें बाणावें, या जुन्या कोड्याचें एक उत्तर वऱ्हाडच्या भूमींत सांपडतें. तें देणारा पुरुष शाळा शिकलेला नव्हता, हें विशेष.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें एका परीट कुटुंबांत डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. तेच पुढें गाडगेबाबा या नांवानें विख्यात झाले. वडील दारूच्या व्यसनापायीं अकालीं वारले. आई सखूबाई मुलास घेऊन माहेरीं, अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांत दापुरें या गांवीं आल्या. तेथें डेबूजींनीं गुरें राखलीं, नांगर धरिला, आणि सावकारी कर्जापायीं मामाचें भरलें घर कसें खचतें, तेंही डोळ्यांनीं पाहिलें. दारू आणि कर्ज हे दोन शत्रू त्यांनीं पोथींतून ओळखले नव्हते. ते त्यांच्या घरांतच येऊन गेले होते.

त्या काळचें वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. १८६१ ते १८६५ या वर्षांतील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळें कापसाचे भाव भडकले, त्याच दशकांत रेल्वे आली, आणि शेतकऱ्याच्या हातीं रोकड खेळूं लागली. परंतु भाव कोसळला किंवा पाऊस चुकला कीं तोच शेतकरी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसे. त्यांत लग्न, बारसें, तेरावें आणि नवस यांच्या खर्चाची भर. देवापुढें बकरें कापावें आणि पंगतीस दारू द्यावी, ही कित्येक ज्ञातींत रूढीच होती. १८९९-१९०० च्या दुष्काळानें तर या प्रांताचें कंबरडेंच मोडलें.

डेबूजींनीं सुधारणेस आरंभ केला तो स्वतःच्या घरापासून. पहिल्या अपत्याच्या बारशास भाऊबंद नेहमींच्या मद्यमांसाच्या अपेक्षेनें आले असतां त्यांनीं गोड जेवण वाढलें. ज्ञातींत कुरकुर झाली, पण रूढी मोडली म्हणून कांहीं आकाश कोसळलें नाहीं. पुढें १ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्यांचें वस्त्र, एका हातांत काठी, दुसऱ्या हातांत फुटकें गाडगें, एवढाच संसार. पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. तेथें पौषांत यात्रा भरते. चिखलांतून घसरत नदीवर उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठीं त्यांनीं वाट नीट करण्याचें काम अंगावर घेतलें. क्षेत्राच्या नांवांतच ऋणांतून सुटका आहे, आणि बाबांची पुढील सारी शिकवण लोकांस ऋणांतून सोडविण्याचीच होती.

त्यांची रीत अशी असे. गांवांत शिरतांच ते झाडू हातीं घेत आणि रस्ते व गटारें साफ करूं लागत. प्रथम लोक हंसत, मग ओशाळत, आणि अखेर स्वतःही झाडू उचलीत. काम केल्यावांचून भाकर घ्यावयाची नाहीं, हा बाबांचा नेम होता. रात्रीं त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. त्यांत शास्त्रार्थ नसे, संस्कृत वचनांचा पाऊस नसे. अस्सल वऱ्हाडी बोलींत बाबा समोरच्या गर्दीस प्रश्न विचारीत आणि गर्दी एका आवाजांत उत्तर देई. त्या उत्तरावर दुसरा प्रश्न, त्यावर तिसरा. देव सर्वांभूतीं आहे, हें श्रोत्यांकडूनच वदवून घेतल्यावर बकऱ्याच्या मानेवर सुरी कशी ठेवावयाची, याचें उत्तर श्रोत्यांसच सुचे. मग हंशा पिके, आणि हंसतां हंसतां मनुष्य अंतर्मुख होई.

या रीतीचें मर्म उघड आहे. दुसऱ्यानें लादलेला नियम मनुष्य टाळतो. स्वतःच्या तोंडून, चारचौघांदेखत निघालेला शब्द टाळणें त्यास जड जातें. शिवाय विचारणारा मनुष्य उच्चासनावर बसलेला नव्हता. सकाळीं त्यानें याच श्रोत्यांच्या दारचा केर काढिला होता. कोणी पायां पडूं लागल्यास तो काठी उगारी. त्यामुळें प्रश्नांत अधिकाराचा दर्प राहत नसे.

आरोग्याच्या दृष्टीनेंही या झाडूचें मोल मोठें होतें. पटकीचे जंतू दूषित पाण्यांतून पसरतात, हें आज शाळेंतील मूलही सांगेल. त्या काळीं मात्र जत्रा आणि पटकी यांचें सख्य लोकांच्या अंगवळणीं पडलें होतें. तीर्थाचें पुण्य पाण्यांत शोधणाऱ्यांस बाबांनीं पाण्याचा कांठ स्वच्छ करावयास लाविलें. दारू सोडा, कर्ज काढून सण करूं नका, प्रसंगीं घरचीं भांडीं मोडा पण मुलांस शिकवा, हे त्यांचे धडे एकाच माळेचे मणी होते. व्यसनानें शरीर जातें, कर्जानें शेत जातें, आणि अज्ञान या दोहोंस दार उघडून देतें.

८ नोव्हेंबर १९५६ रोजीं मुंबईंत वांद्रें येथें पोलिसांपुढें झालेलें त्यांचें कीर्तन ध्वनिमुद्रित झालें आहे. पुढें २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीच्या वाटेवर, वलगांवनजीक पेढी नदीच्या परिसरांत, त्यांचा देह पडला. आज अमरावतीचें विद्यापीठ त्यांचें नांव धारण करितें. २०००-०१ सालीं महाराष्ट्र सरकारनें सुरू केलेलें ग्रामस्वच्छता अभियानही त्यांच्याच नांवाचें होतें.

परंतु ज्या वऱ्हाडांत त्यांनीं कर्जाविरुद्ध आयुष्य झिजविलें, त्याच वऱ्हाडांत अलीकडच्या दशकांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं मृत्यूस जवळ केलें, हेंही विसरतां येत नाहीं. या दुःखाचीं कारणें बाजारांत, पावसांत आणि पतपुरवठ्यांत खोलवर रुजलेलीं आहेत. एकट्या कीर्तनानें तीं निघालीं नसतीं. तरीही शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून, त्याचें कसें चाललें आहे हें आपुलकीनें विचारणारा आणि उत्तर संपेपर्यंत ऐकणारा मनुष्य गांवोगांव असता, तर कित्येक घरांतील मुकी वेदना वेळींच बोलती झाली असती.

विद्यापीठास नांव देणें सरकारी ठरावानें साधतें. प्रश्न विचारण्याचें काम मात्र ठरावानें होत नाहीं. तें ज्याचें त्यानेंच, आपल्या घरीं, आपल्या आळींत करावयाचें असतें, आणि त्यापूर्वीं दारचा केर स्वतःच्या हातानें काढावयाचा असतो.