केदारेश्वराचे खांब व युगांची आख्यायिका

अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराचें लेणें आहे. भव्य शिवलिंगाभोंवतीं चार खांब होते. त्यांपैकीं एकच शाबूत आहे. प्रदक्षिणा घालावयाची ती कमरेइतक्या थंडगार पाण्यांतून. भाविक ती आजही घालतात. खांब म्हणजे युगें. तीन सरलीं, चौथा ढळतांच प्रलय, असें लोक सांगतात. आमच्या मतें ही कथा तीन खांब मोडल्यानंतरची होय; चारी उभे असतां सरलेलीं युगें कोणास दिसणार? गडाची ख्याति मात्र जुनी. चांगदेवांनीं शके १२३४ (इ. स. १३१२) मध्यें ‘तत्त्वसार’ येथेंच रचला. तेवढ्यावरून युगकथेसही तेंच वय देण्याची घाई नको. गडाचें वर्णन असलेली पोथी ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं तींत उभे खांब किती सांगितले आहेत तें अवश्य पाहावें.