कॅमेरा डोंगरातल्या माणसांच्या हाती

अमेरिकेतल्या पूर्व केंटकीच्या डोंगरांत टीव्ही सहजासहजी पोचला नाही. खोरी अरुंद, दोन्ही बाजूंना उभा चढ. शहरातल्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी माथ्यावरून निघून जायच्या, खाली घरात पडद्यावर नुसत्या मुंग्या. १९५०च्या दशकात लोकांनी त्यावर आपला उपाय शोधला. डोंगरमाथ्यावर अँटेना उभा करायचा आणि तिथून झाडाझाडांना बांधत तार घरापर्यंत खाली आणायची. वादळात फांदी मोडून पडली की चित्र गायब. मग घरातलं कुणीतरी तार चाचपत डोंगर चढायचं. अ‍ॅपलेचियन पर्वतरांगांतल्या खाणींच्या गावांत अशाच एका अँटेनावर अनेक घरं जोडली गेली, त्याचे पैसे घ्यायला सुरुवात झाली आणि केबल टीव्हीचा धंदा उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातली कोळशाची गावं त्यात सर्वांत आधीच्यांपैकी होती.

एवढ्या कष्टानं घरात आणलेल्या टीव्हीवर डोंगरातल्या माणसाला दिसलं काय? १९६२ ते १९७१ या काळात सीबीएस या वाहिनीवर चाललेली ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’ ही मालिका. तिच्यात डोंगरी माणूस म्हणजे शहरात हसं करून घेणारा भाबडा अडाणी. बातम्यांत दिसायची ती अनवाणी पोरं आणि मोडके व्हरांडे. डोंगरातली गाणी, वाद्यं, लाकूडकाम, गोष्टी सांगायची रीत यांतलं फारसं काही पडद्यावर येत नव्हतं, आणि आलंच तर टिंगलीसाठी.

लेचर काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हा या पट्ट्यातला व्हर्जिनियाच्या सीमेला लागून असलेला कोपरा. व्हाइट्सबर्ग हे तिचं मुख्य गाव. सगळं अर्थकारण कोळशावर. १९५०नंतर खाणींत यंत्रं आली आणि माणसांचं काम गेलं. १९४०मध्ये काउंटीची लोकसंख्या ४० हजारांच्या वर होती, १९७०मध्ये ती २३ हजारांच्या आसपास उरली. घरंच्या घरं डेट्रॉइट, सिनसिनाटी, डेटनच्या कारखान्यांकडे निघून गेली. व्हाइट्सबर्गचे वकील हॅरी कॉडिल यांनी १९६३मध्ये ‘नाइट कम्स टू द कम्बरलँड्स’ या पुस्तकात ही कहाणी मांडली आणि देशाचं लक्ष इकडे वळलं. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि पूर्व केंटकीतल्या एका घराच्या ओसरीत बसून फोटो काढून घेतले. त्यांच्यामागून कॅमेऱ्यांची रांग लागली. १९६४च्या नाताळात सीबीएसच्या चार्ल्स कुराल्ट यांनी ‘ख्रिसमस इन अ‍ॅपलेचिया’ हा कार्यक्रम केला, तोही लेचर काउंटीतच.

मदत आली, हे खरं. पण आपलं दारिद्र्य साऱ्या देशाला दाखवलं जातंय, याची चीडही साचत गेली. २० सप्टेंबर १९६७ रोजी कॅनडाचे चित्रपटकार ह्यू ओ’कॉनर काउंटीतल्या जेरेमाया या गावी भाड्याच्या घरांत राहणाऱ्या खाणकामगारांचं चित्रण करत होते. घरमालक होबार्ट आयसन बंदूक घेऊन आला आणि त्यानं ओ’कॉनर यांना गोळी घालून ठार केलं. पहिल्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. १९६९मध्ये आयसननं सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. शिक्षा दहा वर्षांची झाली, भोगली साधारण एका वर्षाची. काउंटीतल्या बऱ्याच लोकांची सहानुभूती आयसनकडे होती. ओ’कॉनर यांचा त्यात काही गुन्हा नव्हता, हे इथं ठामपणे सांगायला हवं. मात्र बाहेरच्या कॅमेऱ्याबद्दलचा संशय किती खोल गेला होता, हे त्या गोळीनं साऱ्या देशाला कळलं.

त्याच १९६९ साली व्हाइट्सबर्गमध्ये एक चित्रपट कार्यशाळा सुरू झाली. पैसा केंद्र सरकारच्या गरिबी निर्मूलन कार्यक्रमाचा, सोबत अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट. गरीब आणि अल्पसंख्य समाजांतल्या तरुणांना चित्रपट आणि टीव्हीच्या धंद्यात नोकरी मिळावी, हा उद्देश. अशी केंद्रं देशभर निघाली, बहुतेक शहरांत. डोंगराच्या वाट्याला हे एक आलं. येल विद्यापीठातून वास्तुकला शिकून आलेले बिल रिचर्डसन यांनी ते चालवायला घेतलं. शिकायला आली ती गावातली पोरं, काही तर शाळकरी. हर्ब स्मिथ त्यांतलाच एक.

योजनेत एक मोठी अडचण होती. शिकून नोकरी करायची तर कुठे? लेचर काउंटीत ना स्टुडिओ, ना टीव्ही केंद्र. म्हणजे शिकलेल्या प्रत्येकानं गाव सोडायचं. गाव तर आधीच रिकामं होत होतं. या पोरांनी जायचं नाकारलं. सरकारी पैसा आटला तेव्हा त्यांनी संस्था स्वतःच्या हातात घेतली, तिचं नाव अ‍ॅपलशॉप ठेवलं आणि १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं आपल्याच शेजाऱ्यांचं चित्रण सुरू केलं. पुढच्या पन्नास वर्षांत जे काही घडलं ते या एका नकारातून घडलं.

सुरुवातीचे लघुपट बघितले की त्यांची नजर लगेच लक्षात येते. ‘वुड्रो कॉर्नेट: लेचर काउंटी बुचर’ (१९७१) हा गावातल्या खाटकाचा दहाएक मिनिटांचा लघुपट. ‘कोल मायनर: फ्रँक जॅक्सन’ त्याच वर्षीचा. ‘क्विल्टिंग विमेन’ (१९७६) हा एलिझाबेथ बॅरेट यांचा गोधड्या शिवणाऱ्या बायकांवरचा माहितीपट. या पडद्यावरची माणसं आपल्या कामात बुडालेली असतात आणि त्या कामाबद्दल स्वतः बोलतात.

हर्ब स्मिथ यांच्या ‘इन द गुड ओल्ड फॅशन्ड वे’ (१९७३)मध्ये ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्ट पंथाची उपासना आहे. या पंथाच्या गाण्याला वाद्य नसतं. पुढारी एक ओळ झरझर म्हणतो आणि सगळी मंडळी तीच ओळ संथ, लांबवत, एका सुरात परत गातात. दिंडीत विणेकऱ्यामागून वारकरी उचलतात तशी. बाहेरच्याला हे गाणं पहिल्यांदा विचित्र वाटतं. आतल्या माणसानं चित्रित केल्यामुळे ते तुटक नमुना होऊन येत नाही. मागेपुढे माणसांच्या गाठीभेटी, जेवणावळ, नदीतला बाप्तिस्मा असं सगळं असतं.

स्मिथ यांचाच ‘हँड कार्व्हड’ (१९८१) हा दीडएक तासाचा माहितीपट म्हणजे चेस्टर कॉर्नेट या खुर्ची करणाऱ्या कारागिराचं चरित्र. लेचर काउंटीत जन्मलेला हा लांब दाढीचा माणूस काम शोधत सिनसिनाटीला गेला होता. चित्रपट सुरू होतो लाकडापासून आणि संपतो पुऱ्या झालेल्या झुलत्या खुर्चीपाशी. सारं काम कुऱ्हाड, पाती आणि चाकूचं. डोंगरी खुर्चीत खिळा नसतो. पाय ओल्या लाकडाचे करायचे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या आधीच खडखडीत वाळवून घ्यायच्या. पाय वाळताना आकसतात आणि दांडी भोकात जन्माची आवळली जाते. कॉर्नेट यांनी आठ पायांच्या झुलत्या खुर्च्याही केल्या, लाकडाच्या शेकडो मेखांनी नटवलेल्या. याच हाताला बाजारात पुरता भाव मिळत नाही, हेही चित्रपट तितक्याच सविस्तर दाखवतो. लोककलेवरचे कित्येक माहितीपट ही दुसरी बाजू गाळतात. अ‍ॅपलशॉपचं मोठेपण, प्रस्तुत लेखकाच्या मते, ती न गाळण्यात आहे.

डोंगरांत असा प्रयोग करणारे अ‍ॅपलशॉपवाले एकटे नव्हते. टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत १९७३च्या सुमाराला टेड कार्पेंटर यांनी ब्रॉडसाइड टीव्ही सुरू केला. खांद्यावर अडकवता येणारा सोनीचा पोर्टापॅक व्हिडिओ तेव्हा नवा होता. कार्पेंटर एका खोऱ्यातल्या माणसाचं बोलणं टेप करत, ते दुसऱ्या खोऱ्यात नेऊन दाखवत आणि तिथल्यांचं उत्तर टेप करून पहिल्याकडे परत आणत. साडेतीन हजारांहून जास्त ग्राहक असलेल्या केबल कंपन्यांनी स्थानिक कार्यक्रम करावेत, असा अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा नियम तेव्हा होता. १९७२मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो उचलून धरला. ब्रॉडसाइडनं त्या आधारावर ब्लूग्रास संगीत, गोष्टी, उघड्या खाणींवरचे वाद केबलवर आणले. १९७४मध्ये आयोगानं नियमच मागे घेतला. कंपन्यांना आता गरज उरली नाही आणि दशक संपायच्या आत ब्रॉडसाइड बंद पडला. नियमाच्या बळावर उभं राहिलेलं काम नियमाबरोबर गेलं. त्याच्या टेपा ईस्ट टेनेसी स्टेट विद्यापीठात राहिल्या, हेच काय ते समाधान.

अ‍ॅपलशॉप टिकला, कारण तो एका पायावर उभा नव्हता. १९७४मध्ये जून अपॅल ही ध्वनिमुद्रिका काढणारी शाखा निघाली. तिच्या सुरुवातीच्या तबकडीवर निमरॉड वर्कमन या जुन्या खाणकामगाराची गाणी होती. १८९५मध्ये जन्मलेल्या या गायकाला १९८६मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा लोककलेचा सन्मान मिळाला. १९७५मध्ये रोडसाइड थिएटर आलं. त्यांच्या ‘रेड फॉक्स/सेकंड हँगिन’ या नाटकात १८९३मध्ये व्हर्जिनियात फाशी गेलेल्या डॉक टेलर या धर्मोपदेशक-वैद्याची कथा आहे. डॉन बेकर आणि डडली कॉक यांनी कोर्टाची कागदपत्रं आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यांतून ती पुन्हा उभी केली. रंगमंचावर नेपथ्य जवळजवळ नाही. ओसरीत बसून गोष्ट सांगावी तसे नट ती सांगतात.

या कामाला धाडस लागायचं. व्हाइट्सबर्गचं साप्ताहिक ‘द माउंटन ईगल’ टॉम आणि पॅट गिश हे पती-पत्नी चालवत. त्याचं ब्रीद होतं, ‘ते किंचाळतं’. कोळसा कंपन्या आणि पोलिसांविरुद्ध लिहिल्यावर १९७४मध्ये त्याचं कार्यालय जाळण्यात आलं, आणि त्या प्रकरणी गावातल्याच एका पोलिसाला दोषी ठरवण्यात आलं. पुढचा अंक ‘ते अजूनही किंचाळतं’ असं छापून बाहेर पडला.

अशा वातावरणात मिमी पिकरिंग यांनी ‘द बफेलो क्रीक फ्लड: अ‍ॅन अ‍ॅक्ट ऑफ मॅन’ (१९७५) केला. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी वेस्ट व्हर्जिनिया राज्यात खाणीच्या गाळाचा बांध फुटला. १२५ माणसं मेली, सुमारे चार हजार बेघर झाली. कंपनीनं ती दैवी आपत्ती ठरवली. पिकरिंग यांनी वाचलेल्यांची साक्ष आणि कंपनीचा बचाव समोरासमोर ठेवला. २००५मध्ये हा माहितीपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला.

१९८०च्या दशकात ‘हेडवॉटर्स’ ही अ‍ॅपलशॉपची टीव्ही मालिका सुरू झाली, आणि ज्या पडद्यावर डोंगरी माणसाची थट्टा चालायची त्याच पडद्यावर डोंगरानं केलेले कार्यक्रम येऊ लागले. अ‍ॅन लुईस यांचा ‘ऑन अवर ओन लँड’ (१९८८) हा जुन्या खनिज-करारांवरचा. आजोबा-पणजोबांनी चार पैशांसाठी जमिनीखालचे हक्क विकलेले. त्या कागदावर कंपन्या आता नातवंडांची शेतं, झाडं, वाड्या उलथून उघड्या खाणी काढत होत्या. त्याच वर्षी केंटकीच्या मतदारांनी प्रचंड बहुमतानं घटनादुरुस्ती करून ते थांबवलं. श्रेय लोकांच्या दीर्घ लढ्याचं. माहितीपट त्या लढ्याच्या बाजूनं उभा होता.

१९८५मध्ये डब्ल्यूएमएमटी हे रेडिओ केंद्र आलं. गावातलेच लोक स्वेच्छेनं त्यावर निवेदन करतात. नव्वदच्या दशकाअखेरीस शेजारच्या व्हर्जिनियात दोन मोठे तुरुंग झाले आणि दूरदूरच्या शहरांतले कैदी तिथं आणले गेले. ‘कॉल्स फ्रॉम होम’ या कार्यक्रमात घरची माणसं फोन करतात आणि त्यांचे निरोप हवेतून तुरुंगाच्या भिंतीपलीकडे जातात. पोर बोलायला लागलं, आजी बरी आहे, असे निरोप.

ओ’कॉनर यांच्या खुनावर बॅरेट यांनी २०००मध्ये ‘स्ट्रेंजर विथ अ कॅमेरा’ केला. त्या स्वतः या काउंटीतल्या आणि स्वतः कॅमेरा धरणाऱ्या. मेलेल्याची बाजूही त्यांची, मारणाऱ्याची लाजही त्यांना ओळखीची. दुसऱ्याच्या दुःखाचं चित्रण करण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही सोडला नाही.

२८ जुलै २०२२च्या पहाटे नॉर्थ फोर्क नदी व्हाइट्सबर्गला २० फुटांवर गेली. १९५७चा उच्चांक १४.७ फुटांचा होता. पूर्व केंटकीत चाळीसहून अधिक माणसं दगावली. अ‍ॅपलशॉपची इमारत नदीकाठीच. रेडिओचा स्टुडिओ आणि संग्रहाचं दालन पाण्याखाली गेलं. चिखलात रुतलेली फिल्मची रिळं, टेपा, छायाचित्रं माणसांनी हातानं वेचली. ओली फिल्म वाळू दिली तर थर एकमेकांना चिकटतात आणि बुरशी धरते, म्हणून ती गोठवून ठेवायची आणि मग एकेक रीळ धुवायचं. रेडिओ एका फिरत्या घराच्या गाडीतून परत सुरू झाला. रिळांचं काम मात्र वर्षानुवर्षांचं आहे.

चुंबकीय टेप पुरात सापडली नाही तरी काही दशकांत आपोआप खराब होते. महाराष्ट्रातही नव्वदच्या दशकात गावोगावच्या केबलवाल्यांनी जत्रा, भजनं, दशावताराचे प्रयोग, शाळांची संमेलनं व्हीएचएसवर घेतली होती, आणि त्यांतल्या कित्येक कॅसेट अजून कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत. ज्यांच्याकडे त्या असतील त्यांनी येत्या पावसाळ्याआधी त्यांची डिजिटल प्रत काढून घ्यावी, आणि पडद्यावर दिसणाऱ्या माणसांची नावं, गाव आणि साल सोबत लिहून ठेवावं.