सुडौल बांध्यासाठी वजनांचा व्यायाम

गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यातील बोदलकसा तलाव पाहावयास पावसाळ्यात गेलेल्या पर्यटकास आसपासच्या भागात धानाची रोवणी करणाऱ्या स्त्रिया दिसतात. चिखलात तासन्‌तास वाकून राहणे, डोक्यावर ओझे वाहणे हे सारे ताकदीचेच काम. शहरातील स्त्रीच्या आयुष्यातून मात्र असे श्रम जवळजवळ नाहीसे झाले आहेत. ‘बांधा सुडौल हवा’ म्हणून ती जेवण कमी करते, फार तर सकाळी फिरावयास जाते. त्याने वजन घटते. पण चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि शरीर बारीक होऊनही सैलच राहते.

सुडौलपणा म्हणजे काय?

बांधा रेखीव दिसण्यास दोन गोष्टी लागतात : पुरेसे स्नायू आणि त्यांवरील चरबीचा बेताचा थर. केवळ पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जात नाही; ती सर्व शरीरातून हळूहळू कमी होते. स्नायू मात्र हव्या त्या भागाचे बळकट करता येतात.

‘वजने उचलली तर शरीर पुरुषी होईल’ ही भीती निराधार आहे. स्नायूंची वाढ घडविणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांमध्ये पुरुषांच्या तुलनेत फारच कमी असते. वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने २०२२ मध्ये ग्रीसमधील जागतिक कनिष्ठ भारोत्तोलन स्पर्धेत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. ४५ किलो वजनगटातील या मुलीने ‘क्लीन अँड जर्क’ प्रकारात ८३ किलो वजन उचलले. ताकद वाढली म्हणजे शरीर अवाढव्य होतेच असे नाही, याचे हे बोलके उदाहरण.

व्यायाम कसा करावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंचा व्यायाम करावा. सुरुवातीस घरच्या घरी पुढील प्रकार पुरेत :

* खुर्चीवर बसून उठावे तशा बैठका – मांड्या व नितंबांसाठी
* भिंतीला हात टेकून दंड – छाती व दंडांसाठी
* डंबेल किंवा पाण्याची भरलेली बाटली कमरेपर्यंत ओढणे – पाठीसाठी
* उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे – नितंब व कमरेसाठी

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन फेऱ्यांत करावा. फेऱ्यांमध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती घ्यावी. शेवटच्या दोन-तीन वेळा कष्ट पडतील एवढे वजन असावे. बारा वेळा सहज जमू लागले, की वजन थोडे वाढवावे. घरकाम आणि व्यायाम यांतील खरा फरक हाच : बादली वर्षानुवर्षे तेवढ्याच वजनाची राहते, म्हणून स्नायूही तेवढेच राहतात. वजन उचलताना श्वास रोखू नये. त्याच स्नायूंना पुन्हा ताण देण्यापूर्वी सुमारे दोन दिवस जाऊ द्यावेत.

आहार आणि धीर

प्रौढ व्यक्तीस रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुचविले आहे. ५५ किलो वजनाच्या स्त्रीस हे प्रमाण सुमारे ४६ ग्रॅम होते. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे यांतून ते मिळू शकते. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याच्या सवयीत नेमकी प्रथिनेच कमी पडतात.

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते. बांध्यातील फरक दिसावयास साधारण दोन-तीन महिने लागतात. काट्यावरचे वजन हलले नाही तरी निराश होऊ नये. कंबर टेपने मोजावी. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, हाडांची ठिसूळता असल्यास अथवा गरोदरपणी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच सुरुवात करावी.

रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. ती रोखण्यास हाच व्यायाम मदत करतो. आरशासाठी सुरू केलेली ही सवय साठीनंतर जमिनीवरून आधाराविना उठण्याच्या कामी येते. तिचा खरा लाभ तोच होय.